सोळा घरांची विहीर आणि मस्कतचा अर्बाब

मस्कतच्या विमानतळावर पट्ट्यावरून माझी बॅग आली तेव्हा तिच्यातून लाल पाणी गळत होतं. शेजारच्या बाईंनी पोराला मागे ओढलं. मी घाईघाईने म्हणालो, "कोकम! कोकम सरबत आहे हो!" त्यांना काय कळणार डोंबल. घरून निघताना बायको म्हणाली होती, काचेची बाटली नेऊ नका. तिचं ऐकण्याची माझी पद्धत नाही.

बाटलीखाली माझ्या पन्नास पुस्तिका होत्या. आमच्या कांदळजुव्याच्या (जुवा म्हणजे खाडीतलं बेट). बेटावर माझ्या वाडवडिलांची माडांची बाग आहे. शाळेतून निवृत्त झालो आणि डोक्यात किडा शिरला, की तिथे पाहुण्यांसाठी बारा खोल्या बांधायच्या, खाली कोकम आणि काजूचा कारखाना टाकायचा. भांडवल गावात मिळेना, म्हणून आखातातल्या आपल्या माणसांना गाठायला निघालो. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर थोडी जागा उरली होती. छापखानावाला म्हणाला, गुरुजी, काहीतरी टाका. मी सांगितलं, टाक: "बेटावरील सर्व कुटुंबांच्या संमतीने." एका मिनिटाचं काम. त्या वाक्याने पुढे माझी अब्रू घेतली, म्हणून हे लिहितो आहे.

मला न्यायला दत्ताराम आला होता. आमच्याच जुव्यावरचा, चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकलेला. गाला भागातल्या एका गॅरेजात तो अठरा वर्षं आहे, आता फोरमन. कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा. गॅरेज, कोठार, मालकाची कपाटं, सगळ्याच्या चाव्या त्याच्याकडे. चालला की खुळखुळायचा. मी थट्टेने म्हणालो, "काय रे, बैलासारखो वाजतंस!" तो लाजला. "अर्बाबांचो विश्वास आसा गुरुजी," म्हणाला. अर्बाब म्हणजे मालक.

रुवीतल्या त्याच्या खोलीवर कोकणातली आणखी तिघं राहत होती. एक वसईचा, हॉटेलात स्वयंपाकी. त्याने पहिल्याच दुपारी बांगड्याचं तिखलं केलं आणि माझ्या तडकलेल्या बाटलीत उरलेलं सरबत गाळून सगळ्यांना पाजलं. खाली रस्त्यावर मल्याळी, गुजराती, हिंदी, सगळं कानावर पडत होतं. परदेशात आल्यासारखं वाटेचना.

दुसऱ्या दिवशी अल् खुवैरला एका इंजिनिअर साहेबांच्या फ्लॅटवर दहा-बारा मराठी कुटुंबं जमली. बटाटेवडे उत्तम होते. मी तासभर बोललो. मधेच एका मुलीने जपून जपून मराठी जुळवत विचारलं, "काका, बेटावर... म्हणजे, वायफाय आहे का?" सगळे हसले, मीही हसलो. तेलाचे भाव उतरलेले होते तेव्हा, नोकऱ्यांची खात्री नव्हती. "बघू", "कळवतो", "नाइस कन्सेप्ट" असं म्हणत मंडळी चपला शोधायला लागली. परतताना गाडीत मी उरलेल्या पुस्तिका मोजत बसलो. दत्ताला ते बघवेना. म्हणाला, "माझ्या अर्बाबांका भेटतास? तेंचा पण असलाच कायतरी आसा, गावात."

शुक्रवारी सकाळी निघालो. दोन्ही बाजूंना नुसता तपकिरी दगड, गवताची काडी नाही. दोन तासांनी एक वळण घेतलं आणि समोर खजुराचं गर्द हिरवं बन. इतका वेळ कोरडं बघितल्यावर डोळे निवले. अर्बाबांचं नाव सालेम. साठीचे, पांढरा पायघोळ अंगरखा, बोलणं हळू. त्यांचा बाप मुंबईला खजुराच्या गलबतांवर जायचा, त्यामुळे हिंदी मोडकी पण बिनधास्त. मला ते "उस्ताद" (गुरुजी) म्हणाले. मातीचं जुनं घर दुरुस्त करून त्यांनी पाहुण्यांसाठी सहा खोल्या काढल्या होत्या, मागे खजुराच्या पाकाचा छोटा कारखाना. अरे, माझंच स्वप्न! फक्त त्यांचं उभं होतं आणि माझं कागदावर.

आधी खजूर आणि काहवा (वेलदोडा घातलेली बिनदुधाची कॉफी). इवलासा कप. संपला की पुन्हा भरतात. माझे सहा झाले, पोटात डुचमळायला लागलं. शेवटी दत्ता कानाशी लागला, "गुरुजी, कप हलवा! हलवल्याबिगर थांबूचे नाय." मी असा जोरात हलवला की उरलेले थेंब सालेमच्या पांढऱ्या बाहीवर. ते खळखळून हसले. जेवायला एकाच थाळ्यात भात आणि सुरमई. चांगला तुकडा सोडवून ते पुन्हा पुन्हा माझ्यापुढे सरकवत होते.

जेवणानंतर त्यांनी फलज दाखवला. फलज म्हणजे डोंगरातून गावापर्यंत आणलेला पाण्याचा पाट. पाटाजवळ मोकळ्यावर एक खांब आणि जमिनीवर ओळीने दगड. खांबाची सावली एका दगडावर आली की एका घराची पाळी संपते, पुढच्या दगडापर्यंत दुसऱ्याची. खोल्या बांधायच्या आधी सालेम प्रत्येक घरी जाऊन काहवा प्यायले होते. एका म्हातारीने नऊ महिने होकार दिला नाही. नऊ महिने त्यांनी वीट लावली नाही.

मग आम्ही सावलीला बसलो आणि त्यांनी माझी लाल डागांची पुस्तिका उघडून दत्ताकडून वाचून घेतली, थेट शेवटच्या पानावरच्या संमतीच्या ओळीपर्यंत. "उस्ताद, पानी किधर से?"

"विहीर आहे. गोड्या पाण्याची. आमच्या सातबाऱ्यावर आहे," मी म्हणालो. सातबारा म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा, हे दत्ताने समजावलं.

"कागज़ नहीं. पीता कौन है?"

"सोळा घरं."

"सबको पूछा?"

आता खरं सांगतो. एकालाही विचारलं नव्हतं. विहीर आमची, पाणी लोक पितात ते आमच्या चांगुलपणाने, ही घरातली जुनी समजूत. विचारायचं काय त्यात? पण खाडीच्या मधोमध तेवढी एकच गोडी विहीर. मोटर लावून उपसली तर खारट होईल, आणि ती खारट झाली तर सोळा घरांना बेट सोडावं लागेल, हे मला ठाऊक होतं. विहिरीच्या सगळ्यात जवळचं घर दत्ताच्या आईचं.

"पूछा," मी म्हणालो. "सब राज़ी हैं."

सालेमनी मान वळवली. "दत्ता, सच?"

दत्ताने माझ्याकडे बघितलं. चौथीत पाढा चुकला की तो असाच बघायचा. त्याला सगळं माहीत होतं. आई विहिरीच्या काळजीने दर आठवड्याला फोनवर रडत होती, हे त्याच्या खोलीवाल्यांकडून मी परवाच ऐकलं होतं. त्याने चाव्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला.

"हाँ अर्बाब. सच."

"खलास," सालेम म्हणाले, म्हणजे ठरलं. "उस्ताद, आपको मैं नहीं जानता. दत्ता को जानता है. इन्शाल्ला, करेंगे."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, लाज वाटते सांगायला, पण पहिली पाच मिनिटं झाला. मग परतीच्या वाटेवर दत्ताने पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाला, "गेल्यार तेवढा सगळ्यांका इचारा, गुरुजी." एवढंच. मी खिडकीबाहेर दगड बघत बसलो. इतक्या पोरांना "खरं बोला" म्हणून छड्या मारलेला मी माणूस!

दोन दिवसांनी निघालो तेव्हा सालेम स्वतः विमानतळावर आले, ओमानी हलव्याचा डबा घेऊन. केशर, तूप, गुलाबपाणी, हातात जड लागेल एवढा. "घर जाओ उस्ताद. फिर मेरे को खबर दो," म्हणाले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. दत्ता शेजारी उभा होता. चालताना तो वाजला नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. "चाव्यो खय रे?" विचारलं, तर म्हणाला, "इसारलंय." मी सोडून दिलं.

गावी पोचल्यावर तो हलवा मी धक्क्यावर वाटला. अर्बाबने दिलाय, काम झाल्यातच जमा, वगैरे. तिसऱ्या दिवशी संमतीचे कागद घेऊन होडीने जुव्यावर गेलो. पहिलं घर दत्ताच्या आईचं. ती विहिरीवर कळशी भरत होती. मला बघून तिने पदर सारखा केला, ओट्यावर बसवलं, तांब्या पुढे ठेवला.

"दत्ता काय म्हणालो, गुरुजी?"

मी पिशवीतून कागद काढला. "अर्बाबांनी विचारलं, तर हो म्हणाला."

तिचा चेहरा क्षणभर पडला. मग तिने हात पुढे केला. "तेणा हो म्हटल्यान मा? मगे माका कित्याक इचारतास? खय सही करू, सांगा."

म्हाताऱ्या हाताची ती बोटं बघून माझ्यातला उरलासुरला ताठा गेला. कागद पिशवीत कोंबला. "तो आपल्या मनाने म्हणाला नाही गे. मी खोटं बोललो, आणि त्याला माझ्यासाठी बोलावं लागलं."  तांब्या उचलून आत नेला नाही, एवढीच तिची मेहेरबानी.

तिच्याच ओट्यावरून मी सालेमना फोन लावला. एका दमात सगळं ओकलो. कोणालाही विचारलं नाही, विहीर खारट होऊ शकते, दत्ताचा दोष नाही.

"मालूम है," ते म्हणाले. "उसी दिन शाम को दत्ता ने बोला."

"तरी तुम्ही विमानतळावर आलात? हलवा दिलात?"

"आप मेहमान थे. मेहमान पहले घर पहुँचे. खबर का मैं रास्ता देखता था."

मी कसंबसं विचारलं, त्याच्या चाव्या तुम्ही काढून घेतल्या का?

"मैंने नहीं ली, उस्ताद. उसने खुद मेज़ पर रखी. बोला, झूठ बोला, अब ये मेरे पास नहीं रहेगी. मेरे ड्रॉवर में पड़ी है. रोज़ बोलता हूँ, उठाओ. नहीं उठाता." मग म्हणाले, "आप बोलो. आपकी बात वो सुनता है."

माझं ऐकतो! हेच तर झालं होतं.

पुस्तिकांचा गठ्ठा माळ्यावर टाकला आहे. खोल्या होतील न होतील, आता ते सोळा घरांनी ठरवायचं. रोज एका घरी जातो, मोटरीचं काय होईल ते आधी सांगतो, मग विचारतो. चार घरांनी सरळ नाही म्हटलं आहे, आणि दत्ताच्या आईने अजून काहीच म्हटलेलं नाही. दत्ताला फोन केलेला नाही. चाव्या उचल असं त्याला सांगायला तोंड लागतं, आणि ते मला अजून कमवायचं आहे.