चाचांच्या घरचे हुलगे

लोणावळ्याच्या बाजारातले मटणवाले चाचा गिऱ्हाइकाशी बोलताना सुरी खाली ठेवत आणि दर वाक्यामागे "समजलं का?" विचारत. रक्ताचा दाब वाढला म्हणून डॉक्टरांनी माझं मटण बंद केलं, तरी रविवारी मी त्यांच्या दुकानी गेलोच. माझ्या बायकोनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"तुमाला मटण न्हाई. समजलं का?"

"चाचा, वरणभातानं तासाभरात भूक लागते हो."

भावाच्या हाती दुकान देऊन ते मला घरी घेऊन गेले. चाचींनी हुलग्यांचं घट्ट कालवण आणि भाकरी वाढली. चाचांच्या ताटातही तेच होतं.

"तुम्हीसुद्धा?"

"तीन वर्सं झाली. आपला डॉक्टर एकच हाय."

दिवेलागणीपर्यंत मला भूक लागली नाही. पुढच्या रविवारी मी थेट त्यांच्या घरीच गेलो.