थोरलीचं बी आधी

बाजारातून परतताना अर्धी वाट सरली, तरी अपोंदी धाकट्या सवतीशी, अदोयोशी, बोलली नव्हती. गेल्या हंगामात जांभळ्या फुलांच्या तणाने तिच्या मक्याचा रस मुळातूनच शोषला. अदोयोचा मका मात्र तरारला. थोरल्या बायकोने बी टाकल्याशिवाय धाकटीने पेरायचं नाही, ही त्यांच्या लुओ जमातीची रीत. म्हणून पाऊस होऊनही अपोंदीने जळफळाटाने बी बांधूनच ठेवलं होतं.

"पेरताना खड्ड्यात काय मंतरून टाकतेस गं?" तिने शेवटी विचारलं.

"बुरशी चढवलेला भात. ती बुरशी तणालाच मारते, मक्याला नाही."

"आणि नवऱ्याला काय चारतेस?"

अदोयो हसली. टोपलीतला एक पुडा तिने पुढे केला.

"हा तुझा, ताई. बुरशी फार दिवस टिकत नाही. देवाचं नाव घेऊन उद्या तू पेर, म्हणजे मलाही पेरता येईल."