जुळवलेली चकली

फराळाचं पार्सल परदेशातल्या आमच्या हॉस्टेलवर पोचलं, तेव्हा डब्यात एकही चकली धड नव्हती. माझी रूममेट केतकी तुकडे जुळवत बसली. फोटोपुरतं एक वेटोळं जमलं. स्टेटस ठेवलं आणि लगेच तिच्या आईचा फोन आला.

"बघ, मोडली नाही ना? आता मी निर्धास्त झाले."

"हो गं आई," केतकी म्हणाली.

मला माझं बर्फातलं, नव्या कोटातलं स्टेटस आठवलं. जेवण जात नव्हतं तेव्हाचं. घरचे म्हणाले होते, पोरगी रुळली. त्या फोटोत खोटं काहीच नव्हतं. फक्त कडेचा चुरा त्यात आला नव्हता.

फोन ठेवून केतकीने दोन चमचे काढले. एक माझ्या हातात दिला. आम्ही डब्यातला चुरा खात राहिलो.