खूण दोनदा येते

पोरांनो, आजोबांच्या मोटारसायकलची हकिगत तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितली असेल. पण बाबांना ती अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी तुमच्या या आजीकडे आहे, आणि क्रमवार लिहायची सवय असूनही ती माझ्या मनात अजून नीट लागलेली नाही.

नांद्याहून महाळुंग्याला जाताना, डंपरमधून सांडलेल्या खडीवर आजोबा घसरले. कोपर सोललं, बाकी काही नाही. बाबांनी तिकडून फोनवर एकच धोशा लावला, गाडी विका. मलाही तेच हवं होतं. रस्ता पूर्वीचा राहिला नाही आणि आजोबांना वाटतं की राहिला आहे. त्यातच इंजिन खडखड वाजायला लागलं. शेवटी त्यांनीच जाहीर केलं, "रविवारपर्यंत आवाज गेला तर ठेवतो. नाही गेला तर देऊन टाकतो." मी मनात म्हटलं, रविवार काही लांब नाही.

त्यांच्या भरवशाच्या मेकॅनिकने जमीन विकल्यापासून गॅरेज उघडलेलं नाही. नवे लोक "काका, आता नवीन घ्या," म्हणतात. म्हणून टॅपेट घरीच सेट करायचे ठरले. इंजिनात दोन झडपा असतात. प्रत्येक झडप आणि तिला दाबणारी दांडी यांच्यात कागदाएवढी फट ठेवावी लागते. फट वाढली की आवाज वाढतो; ती पुन्हा बरोबर करणं म्हणजे टॅपेट सेट करणं. इतकं मला गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातून कळलं होतं.

शनिवारी सकाळी आजोबा अंगणात गोणपाटावर बसले. मी खुर्चीवर गाडीचं इंग्रजी पुस्तक घेऊन. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही आणि हात तेलकट होते, तेव्हा वाचून मराठीत सांगायचं काम माझं. धाकटे भावजी शेजारच्या घरातून चहाचा कप घेऊन आले आणि पायरीवर बसून राहिले.

"इंजिन गार हवं," मी वाचलं.

"रात्रभर उभी आहे. पुढे."

"आतलं चाक पान्याने फिरवून टी ही खूण खाचेसमोर आणा."

त्यांनी इंजिनाची झाकणं काढून चाक फिरवलं. खूण आली. मग फट मोजायची पातळ पट्टी ते सरकवायला लागले. पण ती एकाही झडपेखाली जाईना.

"फटच नाही गं."

"मग आवाज कसला येतो? फट वाढली की आवाज येतो, असं लिहिलंय."

"मला काय विचारतेस? पुस्तक तुझ्या हातात आहे."

भावजी म्हणाले, "वहिनी, पुस्तकच चुकलं असंल."

"छापलेलं आहे ते, भावजी."

"आमच्या सातबाऱ्यावर बी छापल्यालंच हाय."

काही जुळत नव्हतं. मी तेच पान तीनदा वाचलं. शेवटी आजोबांनी पट्टी जाईपर्यंत फट कमी-जास्त करायचे दोन्ही स्क्रू ढिले केले, झाकणं लावली आणि किक मारली. बऱ्याच किकांनंतर गाडी सुरू झाली, ती पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी.

"दादा, भंगारवाल्याला फोन नको करू आता," भावजी म्हणाले. "आवाज ऐकून त्योच यील."

आजोबा हसले नाहीत. त्यांनी गाडी बंद केली आणि हात धुवायला गेले.

दुपारी पुस्तक जागेवर ठेवण्याआधी मी पान उलटलं. मागच्या बाजूला, आकृतीखाली चौकटीत तीन ओळी होत्या. टी ही खूण दोनदा येते. एकदा दोन्ही झडपा बंद असतात, तेव्हाच फट मोजायची. दुसऱ्यांदा त्या किंचित उघड्या असतात. दांड्या ढिल्या नसतील तर चाक आणखी एक पूर्ण फेरी फिरवा.

एकच खूण दोन वेळा का यावी आणि एकदा खरी, एकदा खोटी का ठरावी, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही पूर्ण कळलेलं नाही. पण चूक कुठे झाली ते कळलं. जन्मभर वर्गात मुलींना सांगत आले, आधी तळटीप वाचा. आणि मीच पान उलटलं नव्हतं.

मी पुस्तक मिटलं. नुसतं मिटून ठेवलं असतं तर गाडी गेली असती. मला तेच तर हवं होतं! संध्याकाळी त्यांना चहा दिला तेव्हा सांगितलं नाही. जेवतानाही नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं एकदा वाटे. मग वाटे, नव्हे कसं?

रविवारी सकाळी ते गाडी पुसत होते, द्यायची म्हणून. आरसेसुद्धा पुसले. मला पाहून म्हणाले, "कुठे चुकलो कळेना. हात गेला माझा, दुसरं काय."

"हात नाही गेला," माझ्या तोंडून निघालं. "मी पान उलटलं नव्हतं."

त्या तीन ओळी मी वाचून दाखवल्या. सरळ झाकणं काढून त्यांनी चाक एक पूर्ण फेरी फिरवलं. या वेळी दोन्ही दांड्या बोटाने खुळखुळ हलल्या. पट्टी ठेवून, जेमतेम अडकत सरकेल इतके स्क्रू त्यांनी आवळले. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली.

भावजी आवाज ऐकून आले. "आरं तिच्या! शिलाई मिशन झाली की, दादा!"

आजोबांनी हेल्मेट घातलं. "एक चक्कर मारून येतो," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, सावकाश." दुसरं काय म्हणणार?

पूर्वी ते परत येताना वळणावरूनच खडखड ऐकू यायची आणि मी भाकरी टाकायला घ्यायचे. आता गाडी फाटकाशी येईपर्यंत कळत नाही. त्यामुळे ते बाहेर गेले की मी फाटकाशीच उभी राहते. गाडी कशी दुरुस्त झाली, असं बाबांनी विचारलं तेव्हा मी फोन स्पीकरवर टाकून आजोबांकडे दिला. ते सगळं सांगत सुटले, चौकटीतल्या तीन ओळींसकट, आणि बाबा मध्येच म्हणाले, "आईने वाचून दाखवलं?" त्या ओळी मी शनिवारी दुपारीच वाचल्या होत्या, हे मात्र दोघांनाही माहीत नाही.