सोमाजीची चुन्याची रेघ

सोमाजी तंबाखू खायचा चिमूटभर, पण त्याची चुन्याची डबी मात्र इतरांच्या तिप्पट वेगानं रिकामी व्हायची. कारण सोपं होतं. निम्म्याहून जास्त चुना दगड खायचा.

चिखला गावाच्या अलीकडे, टेकडीच्या पोटात मँगनीजची एक लहानशी खाण होती. तिथं छत तपासायचं आणि लाकडाचे टेकू लावायचं काम सोमाजीकडं होतं. माणूस मूळचा करडी गावचा. धानाची रोपं लावायचा रोवणा आला की सुट्टी टाकून शेतात, बांधीत उतरायचा आणि परत आल्यावर आठवडाभर त्याच्या नखांत चिखल दिसायचा. अंगानं काटकुळा, बोलायला कमी, आणि खडकासमोर उभा राहिला की जेवणसुद्धा विसरायचा. खडकात कुठं सांधा दिसला की बोटावर चुना घेऊन त्या सांध्यावरून एक आडवी रेघ ओढायची, दुसऱ्या दिवशी येऊन ती पाहायची, आणि मगच माणसं आत सोडायची, असा त्याचा नेम होता.

एकोणीसशे सत्याहत्तरच्या हिवाळ्यात सेवकराम त्याच्या हाताखाली लागला. आंबागडचा, जंगलकामात मुरलेला, दोन लेकरांचा बाप. लाकडातलं त्याला सगळं कळायचं, दगडातलं अजून काहीच नाही. शिवाय माणूस भारी टापटिपीचा. वाकडा ठोकलेला खिळा दिसला तरी त्याचा जीव वरखाली व्हायचा. या टापटिपीनंच एक दिवस घात केला असता.

मोठे साहेब दुसऱ्या दिवशी खाण पाहायला येणार होते. सेवकराम टेकू नीट करायला खाणीतल्या एका खोल जागेवर गेला, तर तिथं सोमाजीची रेघ ओलीनं फिकट झालेली, आणि सांध्यापाशी तिचे दोन तुकडे खालीवर. त्याला वाटलं, सोमाजीकाकांचा हात हलला. साहेबांपुढं काकांची शोभा होऊ नये, म्हणून त्यानं ओल्या फडक्यानं रेघ पुसली आणि सुतळी धरून त्याच जागी नवी काढली. इतकी देखणी रेघ सोमाजीनं जन्मात ओढली नव्हती.

सकाळी साहेब आले. त्या जागेवर उतरायला सहा माणसं लोखंडी सब्बली घेऊन तयार होती, त्यांत सगळ्यांत पुढं भय्याजी, ज्याची जीभ हातापेक्षा जास्त काम करायची. साहेबांनी रेघेचं विचारलं, आणि क्वचित बोलणारा सोमाजी त्या दिवशी खुलला. जात्याला टाकी लावलेली असली की दोन तळ्या एकमेकींना धरतात, तसे सांध्याच्या आतले खरबरीत दाते वरच्या खडकाला धरून असतात, असं त्यानं सांगितलं. धानाच्या थप्पीतलं मधलं पोतं ओढून निघत नाही, कारण वरचा भार त्याला दाबून ठेवतो. आपण बाजूचा दगड खोदून काढतो तेव्हा तो दाब सैल होतो. मग खडक सांध्यावरून सरकू लागतो, केसाकेसानं, आवाज न करता. आधी दात्यांवर चढतो, म्हणून फट रुंद होते, आणि दाते घासून तुटले की एकदम येतो. डोळ्याला ते सरकणं कळत नाही, पण रेघ कळवते. ती सांध्यापाशी तुटते आणि तिचे दोन तुकडे एकमेकांपासून ढळतात.

मग त्यानं दिवा वर धरला, रेघ पाहिली आणि म्हणाला की सरळ आहे, माणसं जाऊ द्या.

सेवकरामला आता कळलं, काल आपण काय पुसलं ते. आत्ता बोललो तर नोकरी जाईल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. न बोललो तर काय जाईल, तेही दिसत होतं, कारण भय्याजी आत वळलाच होता. त्यानं सोमाजीची बाही ओढून त्याला बाजूला घेतलं.

"काका, ती रेघ तुमची नाई. काल मी पुसून नवी काढली."

सोमाजीनं एकच विचारलं. "जुनी वाकडी होती का तुटली होती?"

"तुटली होती. बोटभर."

सोमाजीनं सहाही जणांना बाहेर ओढून काढलं आणि ती जागा बंद करायला सांगितली. साहेब चिडले. आत्ता तर सरळ म्हणालास, मग झालं काय?

"मी नीट पाह्यलो नाई, साहेब. नजर चुकली माझी."

सेवकराम पुढं होणार होता, पण सोमाजीनं त्याचा हात दाबून धरला. संध्याकाळी त्यानं त्याला समजावलं.

"आज तुले शिक्षा झाली, तर उद्या ज्याच्या हातून चुकंल तो सांगणारच नाई. मंग माणसं मरतीन."

पुढचे सहा दिवस सोमाजीनं जे सोसलं, ते दुसऱ्या कुणाला झेपलं नसतं. त्याचं छत तपासायचं काम काढून घेतलं आणि वर उन्हात लाकडं मोजायला बसवलं. भय्याजी जाता-येता विचारायचा, काका, खडक तर पडला नाई, आज वरून पान तरी पडलं का? लोक हसायचे. सोमाजी लाकडं मोजायचा.

सातव्या दिवशी भर दुपारी ती बंद जागा खाली आली. आत कुणी नव्हतं. धूळ बसल्यावर भय्याजी दिवा घेऊन पाहायला गेला. एका झोपडीएवढा खडक पडला होता आणि जिथून तो सुटला तिथली बाजू गुळगुळीत घासलेली, वर दगडाचं पांढरं पीठ बसलेलं. तो वर आला आणि सोमाजीसोबत लाकडं मोजू लागला. दुसऱ्या दिवशी सोमाजीला त्याचं काम परत मिळालं.

पंच्याऐंशी साली सोमाजी निवृत्त झाला. हार घालून झाल्यावर साहेबांनी भाषण केलं, या माणसाची नजर कधी चुकली नाही, एकदा चुकली म्हणाला तेव्हाही तोच बरोबर निघाला. ते ऐकून सेवकरामला राहवेना. तो उभा राहिला आणि आठ वर्षं पोटात ठेवलेलं सगळं त्यानं सांगून टाकलं, रेघ कुणी पुसली, कुणी काढली आणि काकांनी आपल्यासाठी कसं खोटं बोलून नाव खराब करून घेतलं. भय्याजी मान खाली घालून ऐकत होता.

सोमाजीनं सेवकरामला खांद्याला धरून खाली बसवलं.

"खोटं काहून बोलन मी? त्या दिवशी रेघेचा चुना ओला होता, ताजा होता. माझ्यासारख्याले तो दिसाले पायजे होता, नाई दिसला. ह्यानं तोंड उघडलं म्हून सहा जण जगले."

आणि एवढं बोलून, ज्याचं ते बोलणं सेवकराम आठ वर्षं खोटं समजत आला होता तो माणूस डबी काढून तंबाखूला चुना लावत बसला.