नरेश, काकींचे धवले आणि ती जाड केबल

फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या दुकानात बसून दिवा गावातल्या कुठल्याशा बिल्डिंगची नोटीस टाईप करत होते. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की टँकर" एवढंच झालेलं. पलीकडे वंदू होती, नरेशची बहीण. म्हणाली, "चारू, दादा गेला गं." आणि मी विचारलं, "कुठे?" खरंच असं विचारलं मी. कारण नरेश कायम कुठेतरी गेलेलाच असायचा, लॅमिंग्टन रोडला केबल बघायला नाहीतर कल्याणला कुणाची तरी हार्ड डिस्क उघडायला. त्याला ताप आहे हे माहीत होतं मला. पण ताप काय, येतो आणि जातो! हा डोक्यात चढला, आणि हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत त्याची शुद्ध गेलेली... महिना होऊन गेला याला. मला अजून एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही मधेच उठतेय, पाणी पितेय, परत बसतेय. त्यामुळे क्रम चुकला तर सांभाळून घ्या.

आमची ओळख ठाण्यातल्या हार्डवेअरच्या क्लासमधली. मी डोंबिवलीची, टायपिंगवरून डीटीपीत आलेली. मशीन सारखं बंद पडायचं म्हणून म्हटलं, आतमध्ये काय असतं ते तरी बघू. नरेश बाळकुमचा. जमीन बिल्डरला गेली, आजूबाजूला कॉम्प्लेक्स उभे राहिले, आणि मधोमध यांचं कौलारू घर तसंच, पुढे अंगण, अंगणात वाळत घातलेले बोंबील. पहिल्याच दिवशी माझं टायपिंग ऐकून तो म्हणाला, "ए टकटक, कीबोर्डनं तुझं काय वाकडं केलंय?" तेव्हापासून मी टकटक. शेवटपर्यंत त्यानं मला नावानं हाक मारली नाही. कम्प्युटर त्यानं स्वतः जुळवलेला. पेटी एकाची, बोर्ड दुसऱ्याचा, मेमरी तिसरीकडून आणलेली. आणि हे सगळं कशासाठी? गेम खेळायला नाही. आईच्या आवाजासाठी.

त्याची आई, म्हणजे आमच्या काकी, धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आगरी लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि लिहिलेलं काहीच नाही, सगळं तोंडपाठ. काकी आसपासच्या कितीतरी गावांत लग्न लावायला जायच्या. नरेश कॉलेजात असल्यापासून त्यांच्या मागे टेपरेकॉर्डर घेऊन फिरायचा. मग काकींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. म्हणजे बोलता येतं, पण घोगरं, कुजबुजल्यासारखं. गाणं नाहीच. उरल्या त्या कॅसेट. त्यांना बुरशी यायला लागलेली, फिती चिकटत होत्या. त्या पार मरायच्या आत सगळे धवले सीडीवर घ्यायचे, हा एकच ध्यास होता त्याला. मी एकदा बावळटासारखं म्हटलेलं, "काकी, आवाज बरा होता तेव्हा घरीच बसून पुन्हा सगळे म्हणून ठेवायचे ना!" काकींनी माझ्याकडे असं बघितलं... "बाय, धवल्यान देवांना आवतान असतं. मांडव नाय, नवरा-नवरी नाय, न् देव आयले त त्यांना काय सांगू? नरेशचा कंप्युटर बगाला बोलावला?" म्हणजे जे काय आहे ते खऱ्या लग्नातलंच, आणि ते पुन्हा होणं नाही. म्हणून त्या कॅसेट एवढ्या जिवाच्या.

आता मशीनचं थोडं सांगायलाच हवं, कंटाळू नका. सीडी लिहिणारं यंत्र, रायटर, नरेशकडे होतं ते बाहेरून जोडायचं, आणि आवाज साठवायची मोठी हार्ड डिस्कसुद्धा बाहेरच्या डब्यात. आता यूएसबी नावाचं काहीतरी सोपं येतंय म्हणतात, पण आमच्याकडे होतं स्कझी. वेगवान, पण नखरे नव्या नवरीचे. बोटाएवढ्या जाड केबलनं एकापुढे एक यंत्रं जोडायची, माळेसारखी. प्रत्येकाला आपला वेगळा नंबर द्यायचा, मागच्या छोट्या चकतीवर. माळेच्या शेवटी एक टोपण बसवायचं. आधी बाहेरची यंत्रं चालू करायची, मग कम्प्युटर. यातलं एक चुकलं तरी सगळं आंधळं. आणि सीडी लिहिताना रायटरला माहिती अखंड मिळायला हवी. क्षणभर जरी तुटली तरी ती सीडी कायमची बाद.

आमच्या बाद व्हायच्या. एकामागून एक! सुरुवात छान व्हायची, दिवा लुकलुकायचा, नरेश माझ्याकडे बघून भुवया उडवायचा, आणि अर्ध्यात कुठेतरी खाट् करून ट्रे बाहेर. बाद झालेल्या सीड्या काकी फुकट घालवत नसत. दोरीला बांधून बोंबलांवर टांगायच्या. उन्हात त्या अशा चमकायच्या की कावळे फिरकायचेच नाहीत. शेजारच्या कॉम्प्लेक्समधला एक माणूस कुंपणावरून विचारायचा, "काय नरेश, आज किती कावळे पळवलेस?" नरेश हसायचा, पण आत येऊन केबल अशी उपटायचा की मला भीती वाटायची.

काय काय नाही केलं आम्ही! टोपण बदललं. नंबर बदलले. लांब केबलच्या जागी आखूड आणली. कार्ड काढून पिना रबरानं घासल्या. मग त्याच्या डोक्यात आलं की अर्थिंग नीट नाही. अंगणात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरून तांब्याचा पत्रा पुरला. घरचे जुने मिठागरवाले, मीठ टाकताना कुणी हात आखडला नाही. तरी सीडी बाद. शेवटी सगळा पसारा रिक्षात घालून माझ्या दुकानात आणला... आणि तिथे एका झटक्यात सीडी झाली. दुसरी केली. तीही झाली! नरेशचा चेहरा बघायला हवा होता. आनंद नाहीच, उलट चिडलेला. "म्हणजे माझ्या घरातच काहीतरी आहे." मी म्हटलं, "मग इथेच करत जाऊ ना." तर म्हणे, "नाही. आईसमोर व्हायला पाहिजे. तिचं आहे ते." परत रिक्षा, परत बाळकुम, परत बाद.

उत्तर सापडलं ते एका दुपारी, काकी माजिवड्याला नात्यात गेलेल्या असताना. घरात आम्ही तिघंच, तो, मी आणि माहेरी आलेली वंदू. सीडी लावली, आणि ती नीट झाली. घरात! आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. आज वेगळं काय? व्होल्टेज तेच, केबल तीच, खड्डा तोच. मग वंदू सहज म्हणाली, "आज गाणं नाही लावलंस तू, दादा." झालं. नरेशनं कपाळाला हातच लावला.

झालेलं असं, की पहिल्या दिवशी काकींनी सीडीकडे बोट दाखवून विचारलं होतं, "आता धवला त्या थालीन कसा जातो?" नरेश म्हणाला, "जातो आपला, आवाज न करता." काकींना ते पटेना. "धवला मुका कसा जाईल? म्हनला पायजे." मग आईचं मन राखायला त्यानं सवयच लावून घेतली. सीडी लिहायला लावली की तोच धवला स्पीकरवरही चालू करायचा. काकी पदर डोक्यावर घेऊन ऐकत बसायच्या, शेजारणीही यायच्या. आणि ती बिचारी डिस्क एकाच वेळी रायटरला माहिती पुरवतेय आणि बायकांना गाणं ऐकवतेय! दमणारच ना. रायटर उपाशी पडायचा आणि सीडी बाद. माझ्यासमोरच तो गाणं लावायचा, पण आमच्या डोक्यात आलंच नाही, कारण ते मशीनचं काम वाटायचंच नाही. ते घरातलं होतं, उदबत्ती लावल्यासारखं.

आता खरी पंचाईत. आईला सांगायचं कसं? संध्याकाळी काकी आल्या. नरेश नुसताच घुटमळतोय. शेवटी मीच म्हटलं, "काकी, गाणं लावलं की सीडी फुकट जाते. गप्प राहूनच करावी लागेल." काकी मोरीत गेल्या. पाय धुतले, पाणी प्यायल्या, आणि येऊन रायटरच्या डब्याशेजारी मांडी घालून बसल्या. "लाव." नरेश म्हणाला, "आई, आवाज नको करायचा." "तुझ्या मशीनीला सांगितलंस ना? मना नको सांगू." त्यानं सीडी लावली. दिवा लुकलुकायला लागला, आणि काकींचे ओठ हलायला लागले. त्या धवला म्हणत होत्या. गळ्यातून फक्त हवा... पण शब्द सगळे, ओळीनं, कुठेही न अडखळता. मी हळूच विचारलं, "पण काकी, मांडव नाही ना इथे?" त्यांनी त्या डब्यावर हात ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "लगीन हाय ना याच्यान." सीडी नीट झाली. त्यानंतर प्रत्येक वेळी असंच. नरेश पडद्याकडे बघायचा, काकी डब्याशी बसून म्हणायच्या. जुन्या सीड्यांची चमक गेली, बोंबलांवर नवी सीडी टांगायला मिळेना, तर कावळे परत आले!

एक लग्न मात्र त्यानं मागे ठेवलं होतं, वंदूचं. काकी शेवटचं गायल्या ते तिथे, स्वतःच्या मुलीच्या मांडवात. "ते शेवटी. हात नीट बसू दे," म्हणायचा. कॅसेट कम्प्युटरवर घेताना तिची फीत जागोजागी तुटली. तुकडे जोडजोडून त्यानं सगळं आत घेतलं, आणि मग कॅसेट संपलीच. म्हणजे ते लग्न आता फक्त त्या डब्यातल्या डिस्कवर होतं. आणि डिस्क जुनी, मधूनच कण्हल्यासारखा आवाज करणारी. मला रोज वाटायचं, सांगावं, अरे आता कर ना. बहुतेक सांगितलंही असेल. मग ताप आला.

तो गेल्यावर मला झोपेतसुद्धा ती डिस्क ऐकू यायची. पण दुःखाच्या घरात धवल्याचं नाव कसं काढायचं? ते मंगलकार्याचं गाणं. मी जायचे, बसायचे, चहा घ्यायचे, कपाटावर ठेवलेल्या त्या डब्याकडे बघायचे आणि परत यायचे. गेल्या आठवड्यात काकीच म्हणाल्या, "वंदूचं लगीन राहिलाय ना गो?" मी मान हलवली. "मंग कर."

माणसं भेटायला येत होती तेव्हा ती खोली रिकामी केलेली, सगळी यंत्रं सुटी करून कपाटावर. मी खाली घेतली, जोडली, चालू केली. काहीच दिसेना! रायटर नाही, डिस्क नाही. टोपण बघितलं, आहे. केबल काढून लावली. बाहेरची यंत्रं आधी, कम्प्युटर नंतर... तरी आंधळं. कुणाला विचारू? ज्याला विचारायचं तोच नाही, आणि दारात वंदू उभी, ती माझ्याकडे असं बघतेय जणू आता मीच नरेश. मग डिस्कचा डबा उलटा केला. उचलाउचलीत मागची चकती दाबली गेलेली. दोन्ही यंत्रांचा नंबर एकच झालेला, म्हणून कम्प्युटरला दोघांपैकी एकही ओळखता येत नव्हतं. नंबर बदलला. दोन्ही दिसली. वंदूचं लग्नही दिसलं, आपल्या जागी.

काकी नेहमीच्या जागी येऊन बसल्या. मी सीडी लावली. दिवा लुकलुकायला लागला, आणि मी त्यांच्या ओठांकडे बघितलं. ते मिटलेले होते. शोकात धवला म्हणत नाहीत, मनातल्या मनातसुद्धा नाही, असं वंदूनं मला नंतर सांगितलं. त्या फक्त दिव्याकडे बघत होत्या. कुणी खोकलं नाही, कुणी हललं नाही. मशीनला हवी असते तशी शांतता, पूर्ण, आणि मला ती सहन होईना. डिस्क दोनदा कण्हली. रायटर थांबला नाही. सीडी झाली, नीट झाली. मी ती वंदूच्या हातात दिली. तिनं ती चेहऱ्यासमोर धरली, आरशासारखी, आणि मग पालथी केली.

निघताना माझ्या लक्षात आलं, की खोलीत केवढं उकडतंय. काकींचा पदर घामानं भिजलेला, आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन त्यांच्याकडे पाठ करून कम्प्युटरच्या उघड्या पेटीत वारा घालतोय. नरेश पेटीचं झाकण कधीच लावायचा नाही, आत गरम होतं म्हणून पंखा तिकडेच असायचा. महिनाभर मशीन बंद, कपाटावर. तरी पंख्याचं तोंड कुणी फिरवलेलं नव्हतं. मी कम्प्युटर बंद केला आणि पंखा काकींकडे वळवायला हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "राहूं दे गो. अजून तापलेला असंल तो." मी हात मागे घेतला. पंखा फिरत राहिला, आणि आम्ही तिघी घाम पुसत तिथेच बसून राहिलो.