तळ्याकाठचा पेशंट

दातांच्या डॉक्टरांची चाळीस वर्षं लोकांना ‘आ करा’ म्हणण्यात गेली. निवृत्तीनंतर अमेरिकेच्या सहलीत ते बायकोबरोबर तळ्याकाठी फिरत होते, तर ओंडक्यावर ऊन खात पडलेला तिथला जाडजूड विषारी पाणसाप दिसला. माणूस पाहून तो पळाला नाही. वेटोळं घालून त्याने जबडाच वासला. आतून पांढराशुभ्र! डॉक्टर सवयीने चष्मा सारखा करून वाकले.

“अहो, चावेल तो! मागे व्हा!” बायको सदरा धरून ओढू लागली.

“थांब गं, हिरड्या बघू दे. हां, अजून थोडा मोठा आ…”

तिने त्यांना दोन पावलं खेचलं, तेव्हा साप तोंड मिटून पाण्यावरून तरंगत निघून गेला.

“गेला ना तपासणी अर्धवट टाकून!” डॉक्टर हिरमुसले.

बायकोने हात जोडले. “देवा, डॉक्टर आणि पेशंट, दोघांत एक तरी शहाणा दिलास!”